सत्काराचे हार सुकतात, हक्क टिकतो

खाशाबा जाधव यांचे नाव घेतले की कोल्हापूरची छाती फुगते. पण नुसती छाती फुगवून भागणार नाही. त्यांची उमेद कोणी वाढवली आणि त्यांना वाऱ्यावर कोणी सोडले, हेही विचारले पाहिजे.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. लोकांनी वर्गणी दिली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. वैयक्तिक खेळातले स्वतंत्र भारताचे हे पहिले पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. मिरवणुकीला बैलगाड्या लोटल्या, गुलाल उधळला गेला. पुढे काय? पोलीस खात्यात सत्तावीस वर्षे चाकरी आणि शेवटी निवृत्तिवेतनासाठी झगडा. १९८४ ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर!

हे इथलेच दुखणे नाही. अमेरिकेचा काळा मुष्टियोद्धा जो लुई १९३७ ते १९४९ जगज्जेता होता. १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई त्याने नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली, स्वतः सैन्यात भरती झाला. त्याच देशाच्या करखात्याने नंतर त्याच्यामागे थकबाकीचा तगादा लावला. कर्जापायी निवृत्ती मोडून तो पुन्हा रिंगणात उतरला. १९५१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला लोळवले. पुढे त्याने पोटासाठी कुस्त्यांचे खेळ केले, जुगारखान्यात पाहुण्यांचे स्वागतही केले. ज्या ठोशांवर गोरी अमेरिका टाळ्या वाजवत होती, ते मारणारा माणूस तिला नको होता.

राबणारे हात हवेत, पण हातांचा धनी नको, ही रीत आपल्याला नवी नाही. जातिव्यवस्था याच रीतीवर उभी आहे.

शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले, पैलवानांना आसरा दिला. त्यांचे उपकार बहुजन समाज विसरणार नाही. पण प्रत्येक काळात शाहू मिळत नाही आणि प्रत्येक कॉलेजात खर्डेकर नसतात. म्हणूनच मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराचे कामाचे तास आणि विमा मालकाच्या दयेवर न सोडता कायद्याच्या कक्षेत आणण्याचा आग्रह धरला. पैलवान आणि बॉक्सरही अंग झिजवणारे कामगारच आहेत. त्यांना वेगळा न्याय का?

ज्या जोतिबावरून महात्मा फुल्यांचे नाव ठेवले गेले, त्या डोंगराभोवतीच्या गावांतली गोरगरिबांची पोरे आजही तालमीच्या मातीत घाम गाळतात. स्वतः फुले लहुजी वस्तादांच्या तालमीत घडले. मांग वस्तादाच्या हाताखाली माळ्याचे पोर शिकले, हा आपला वारसा आहे. तो सांगायचा तर या पोरांच्या खुराकाची, दुखापतीच्या उपचाराची आणि उतारवयाच्या पेन्शनची तरतूद कायद्याने मागितली पाहिजे.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्र शासनाने राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. चांगले झाले. पण त्या दिवशी फोटोला हार घालून मंत्री परत जाणार असतील, तर चळवळीच्या कार्यकर्त्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारावा : हार उद्या सुकेल, पैलवानाच्या हक्काचा कायदा कधी करता?