संत्र्याचा खुंट आणि फळातील जनुके

संत्र्याच्या कलमात दोन झाडे नांदत असतात: खाली जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, वर नागपुरी संत्र्याचा डोळा. डोळा भरल्यावर सालीखालचे वाढीचे थर एकमेकांना चिकटतात, पाण्याच्या आणि अन्नरसाच्या वाहिन्या जुळतात आणि पुढे बागेच्या आयुष्यभर दोघांचा संसार एक होतो. जनुके मात्र एक होत नाहीत. जोडाच्या वर संत्र्याचीच राहतात, खाली जंबेरीचीच. फ्लॉरेन्समध्ये सतराव्या शतकात नोंदलेले ‘बिझारिया’ हे झाड याला प्रसिद्ध अपवाद आहे. त्यात आंबट नारिंग आणि महाळुंग यांच्या पेशी जोडापाशी मिसळून एकाच कोंबातून वाढल्या. असे क्वचितच घडते.

खुंटाने बदलते ते जनुकांचे काम. प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. त्यांतले कोणते किती वाचले जावे, म्हणजे त्याच्या किती आरएनए प्रती निघाव्यात, हे पेशीपर्यंत येणाऱ्या संकेतांवर ठरते. मुळांकडून पाणी, नत्र, पालाश आणि लोह येते, तसेच सायटोकायनिन आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल ही संप्रेरकेही येतात. पानांकडून साखर आणि ऑक्झिन खाली जाते. अन्नवाहिनीतून काही आरएनएही जोड ओलांडतात, परंतु फळाच्या चवीतील फरकाचा मोठा वाटा पाणी, अन्नद्रव्ये आणि संप्रेरके यांच्याकडेच जातो.

गोडीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. जंबेरीची मुळे जोमदार असतात आणि पाणी भरपूर ओढतात. झाड झपाट्याने वाढते, फळ मोठे होते, पण साल जाड राहते आणि रसातील साखर व आम्ल दोन्ही उतरतात. फ्लोरिडात व्हॅलेन्सिया मोसंबीची जंबेरी आणि कॅरिझो सिट्रेंज या खुंटांवर तुलना झाली (२००४). कॅरिझोवरील फळे अधिक गोड निघाली. रसात पाणी कमी उतरले, एवढेच त्याचे कारण नव्हते. पाण्याचा सौम्य ताण जाणवल्यावर रसकोषांनी स्वतःहून जास्त साखर साठवली होती. साखर घडवणारी, फोडणारी आणि पेशीत वाहून आणणारी प्रथिने ज्या जनुकांतून तयार होतात, ती अशा ताणाला प्रतिसाद देतात.

आंबटपणाची यंत्रणा वेगळी आहे. रसपेशीतील रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, प्रोटॉन ढकलणारे पंप असतात. सिट्रिक आम्ल तिथे साठते ते त्यांच्यामुळे. या पंपांची दोन जनुके जवळजवळ मूक असलेल्या जाती आम्लहीन असतात. म्हणजे टोकाची सीमा जात ठरवते आणि त्या सीमेच्या आत खुंट फळाला इकडेतिकडे सरकवतो. रंगाचेही तसेच आहे. नागपुरी संत्र्याच्या नारिंगी छटेत खुंटाने थोडा फरक पडेल. ब्लड ऑरेंजचा लाल रंग मात्र ‘रुबी’ जनुकातील विशिष्ट बदलामुळे येतो, तो कोणताही खुंट आणून देणार नाही.

मग कॅरिझोच का लावू नये? उत्तर जमिनीत आहे. विदर्भाच्या आणि माळव्याच्या अनेक काळ्या जमिनींत चुनखडी आहे. तिथे कॅरिझोसारख्या, त्रिपर्णी संत्र्याच्या वंशातील खुंटांना लोह मिळवणे जड जाते. पाने पिवळी पडतात आणि गोडीचा फायदा हातचा जातो. मुळाभोवतीची माती आम्ल करून लोह शोषण्याची क्षमता हीदेखील खुंटाच्या स्वतःच्या जनुकांची करामत आहे. चुनखडीत जंबेरी आणि रंगपूर लिंबू टिकतात, म्हणून ते रुजले. तरी सगळा प्रदेश एका खुंटावर उभा करणे धोक्याचेच. ब्राझीलने ट्रिस्टेझा रोगात आंबट नारिंगावरच्या बागा गमावल्या आणि रंगपूर लिंबाचा आश्रय घेतला. २००० च्या सुमारास नव्या ‘आकस्मिक मर’ रोगाने नेमकी त्याच खुंटावरची झाडे गाठली.

इंदूरला बडा गणपतीजवळ हातगाडीवर संत्रे घेणारा ग्राहक ते दाबून पाहतो, फोड चाखतो. ते फळ आगर-माळव्याचे असो की पांढुर्ण्याचे, बागाईतदाराला त्या चवीचा हिशेब लावायचा तर कलम घेतानाच खुंट विचारायला हवा. शेंदुरजना घाटापासून सर्वत्र पन्हेरीवाल्यांनी खुंटाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे. जंबेरीच्या एका बीतून अनेक रोपे येतात. त्यांतली बहुतेक मातृवृक्षासारखी असतात. वेगळी दिसणारी रोपे डोळा भरण्याआधीच उपटून टाकावीत. मूळकुज आणि डिंक्या टाळण्यासाठी डोळा जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटर उंचीवर भरावा. डोळाकाडी रोगमुक्त मातृवृक्षाचीच घ्यावी, कारण ग्रीनिंग रोगानेही फळ आंबट आणि हिरवट राहते आणि दोष विनाकारण खुंटावर जातो.

खुंटांची तुलना करायची तर दोन्ही खुंटांवरची झाडे एकाच वावरात, सारख्या पाण्यावर आणि सारख्या खतावर असावीत. आंबिया बहाराची फळे आंबियाशीच ताडावीत, मृगाच्या फळांशी नव्हे. ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, मोजताना रसातील आम्ल, सालीची जाडी आणि फळाचे वजनही त्याच दिवशी नोंदवावे.