ओटीपोटाची कळ आणि आपण



मोर्चात आपण घसा फोडून बोलतो. जमिनीवर बोलतो, नोकरीवर बोलतो, अत्याचारावर बोलतो. आणि घरी आई ओटीपोट धरून चुलीपुढं दुमडून बसते तेव्हा काय म्हणतो? 'बायकांचं असतं काहीतरी.' मीही म्हणलो. सूतगिरणीतून रात्रपाळी करून आलेला मी, कविता लिहिणारा मी, भिंतीकडं तोंड करून झोपलो. त्या झोपेवर थुंकायला हे लिहितोय.

परवा एका कार्यकर्त्यानं विचारलं, 'आपल्या अंकात मालिश? ही काय चळवळ झाली?' त्याला हे उत्तर.

माझी आजी सुईण. गावातल्या वाड्यांतल्या बाळंतिणी तिनं चोळल्या. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. चोळून झालं की त्या आंघोळ करून शुद्ध व्हायच्या आणि आजीला वरून भाकर टाकायच्या. विटाळ हा शब्द बघा. पाळीच्या बाईला तोच, आपल्या जातीला तोच. म्हणजे आपल्या बाईला तो दोनदा. साऱ्या गावाच्या कंबरा आजीनं मोकळ्या केल्या, तिची कंबर कुणी दाबली नाही.

आई ऊसतोडीला गेली. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. मग पाळी असो, कळ असो, मोळी डोक्यावर. डॉक्टरनं टेबलाच्या पल्याडून, हातसुद्धा न लावता सांगितलं, 'पिशवी काढून टाक.' काढली. कर्ज झालं. कळ तिथंच राहिली.

ती एकटी नव्हती. २०१९ साली सरकारी समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक! पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तरण्या वयात पाळी कायमची जाते, हाडं ठिसूळ होतात. हे किती जणींना आधी सांगितलं?

आता मालिशीचं. शहरात ती चैन म्हणून विकतात, गावात भोंदू 'तेलानं गाठ विरघळवतो' म्हणून लुटतात. दोघंही खोटे. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जगात पाळीच्या वयातल्या दहा टक्के बायांना ते असतं, आणि निदान व्हायला वर्षं जातात. ते कुठल्याच तेलानं विरघळत नाही. पण वर्षानुवर्षं कळ सोसताना पोट, कंबर, मांड्या आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून बसतात, नसा हळव्या होतात. मूळ आजार गेला तरी ही आखडण दुखतच राहते. जाणत्या हातानं ती सुटू शकते. पाळीच्या कळांना पोट-कंबर चोळल्यानं उतार पडतो, असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. जुनाट दुखण्यात पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून आधी तपासणी. ताप असेल, अवेळी रक्त जात असेल, पोटात गोळा लागत असेल, दिवस गेले असतील तर कुणीही परस्पर पोट रगडू नये. मालिश उतार देते, निदान देत नाही.

पण उतारसुद्धा हक्क आहे! ज्यांना शिवणं पाप मानलं, त्यांच्या पोरींना आज दवाखान्यातही कुणी नीट हात लावून तपासत नाही. औषधातली ही अस्पृश्यता आहे, भावांनो.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कामगार बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी उभे राहिले. त्यांना बाईचं पोट राजकारणाबाहेरचं वाटलं नाही. तुम्हाला का वाटतं?

म्हणून मागा: ग्रामीण रुग्णालयात बाई फिजिओथेरपिस्ट, पिशवी काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत, पाळीतल्या खाड्याचा दंड बंद. जुन्या सुइणींना बोलवा, शिकवा, पगार द्या. भाकर वरून टाकू नका.

आणि आज घरी गेल्यावर आधी आईला विचारा, 'कुठं दुखतं?' ती 'काही नाही' म्हणेल. पुन्हा विचारा.

जयभीम.