वस्तऱ्याची बिनपाण्याने हजामत

वरणगावच्या एका नाभिक कुटुंबातील आमच्या विद्यार्थिनीने पणजोबांच्या धोपटीतला वस्तरा विभागात आणून दिला. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त बलुतेदारीच्या शब्दांचे एक छोटे प्रदर्शन मांडायचे होते. वस्तरा हातात देताना तिने एवढेच विचारले, “सर, याला पुन्हा धार येईल का?” प्रश्न सरळ होता. उत्तरे मात्र सरळ आली नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

एक मत असे की, दारूगोळा कारखान्याच्या या गावात धातुकामात मुरलेले हात काय कमी आहेत? अर्ध्या तासात वस्तरा आरशासारखा लखलखेल. दुसरे मत अधिक विद्वत्तापूर्ण: गंज हाच त्या वस्तूचा इतिहास, तिला हात लावणे म्हणजे पाप. आम्हांला दोन्ही मते अमान्य आहेत. एकाने वस्तऱ्याकडे भांडे म्हणून पाहिले, दुसऱ्याने अवशेष म्हणून. वस्तरा म्हणून कुणीच पाहिले नाही.

वस्तरा दुरुस्त होईल की नाही, हे पाहणाऱ्याच्या भावनेवर ठरत नाही, पात्यावर ठरते. वरवरचा गंज निघतो. धारेला पडलेले बारीक दाते निसण्यावर घासून जातात. परंतु गंजाने पाडलेले खड्डे धारेपर्यंत पोचले असतील, तर कितीही पाजळले तरी धार तिथेच झडते. वस्तरा निसण्यावर आडवा धरताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. पाठच झिजली असेल तर कोन बिघडलेलाच. आणि पात्यात तडा असेल तर प्रश्न संपला. बोटाने हलकेच टिचकी मारल्यावर धड पाते स्वच्छ वाजते, तडकलेले बद्द बोलते; तिरप्या उजेडात केसाएवढी रेघही दिसते.

आता त्या लखलखाटाविषयी. पॉलिशच्या चाकावर पातळ पाते क्षणात तापते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला ते निळे पडते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. पुढे ते चकाकेल, पण धार धरणार नाही. मुठीजवळचा कारखान्याचा शिक्का, पाते कुठले आणि साधारण कोणत्या काळातले हे सांगणारा एकमेव मजकूर, तोही त्याच चाकावर पुसला जातो. यालाच मराठीत बिनपाण्याने हजामत म्हणतात.

दुसऱ्या पक्षाला आमचे म्हणणे असे की गंज हा इतिहास नव्हे. ती अजून चालू असलेली क्रिया आहे. खावंदांनी हात लावला नाही म्हणून ती थांबत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ‘अपपाठ हेही काळाचेच देणे’ म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. आणि आपल्या काळाची मराठी चढवून ग्रंथ चकचकीतही केला नाही. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा विवेक वस्तऱ्यापाशीच का सुचू नये?

कारण, स्पष्टच बोलायचे तर, वस्तरा आमच्या वाङ्मयाला फक्त एका बाजूने ठाऊक आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ शिकवताना यमूच्या केशवपनापाशी वर्ग गप्प होतो. ही कादंबरी १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’मधून क्रमशः आली. त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरवले. जिच्या डोक्यावर वस्तरा फिरला तिचे दुःख आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. ज्यांनी तो फिरवायला नकार दिला त्यांच्याविषयी किती वर्गांत बोलले जाते? बलुत्याच्या धान्यावर राबणाऱ्या हातांचे हत्यार काचेखाली चमकवून त्यावर ‘लोकवारसा’ची चिठ्ठी लावली, की हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. आमचा आक्षेप पॉलिशला आहे तो यासाठी.

आमच्यासमोरचा वस्तरा शेफील्डचा, शिंगाच्या मुठीचा. पाठ बरीच शाबूत आहे. पण धारेपासून पात्याच्या मध्यापर्यंत एक रेघ गेली आहे. ती निघेपर्यंत घासायचे तर पातेच उरणार नाही. तेव्हा विद्यार्थिनीला उत्तर दिले: धार येणार नाही. सुटा गंज तेलाच्या मऊ फडक्याने पुसावा, शिक्का घासू नये, मूठ आणि खीळ बदलू नये, ओलाव्यात ठेवू नये. तिला वाईट वाटले, ते आम्ही लपवत नाही. खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते बरे.

तिच्या वडिलांच्या दुकानात आता अर्धे ब्लेड बदलायचा वस्तरा चालतो. दर गिऱ्हाइकाला नवे पाते. त्यांनी आमचे सारे ऐकून घेतले आणि एकच अट घातली: वस्तरा प्रदर्शनात खुशाल ठेवा, पण खंडेनवमीला तो घरी हवा. विभागातल्या एका सहकाऱ्याला ही अट अडचणीची वाटते. वस्तू कायम संग्रहात असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही वडिलांच्या बाजूने आहोत.