सोडून दिलेला मासा कोणाच्या खात्यात?

मे महिन्याच्या मध्यावर मिनेसोटात वॉलआयचा हंगाम सुरू होतो आणि ऑफिसात दुसरा विषय नसतो. वॉलआय म्हणजे इथला राज्यमासा, काचेसारख्या चमकत्या डोळ्यांचा. मिनिआपोलिसच्या उत्तरेला शंभरेक मैलांवर मिल लॅक्स नावाचं प्रचंड तळं आहे, जवळजवळ 1,32,000 एकरांचं. आणि त्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "त्या इंडियन लोकांनी जाळी लावून वाट लावली हो तळ्याची!" हल्ली आपली देशी मंडळीही हे बिनधास्त बोलायला लागली आहेत, आणि म्हणूनच लिहायला बसलो.

आधी हक्काचं बघू. 1837 च्या करारात ओजिब्वे लोकांनी जमीन दिली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. 1999 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो हक्क अजून शाबूत असल्याचं मान्य केलं. म्हणजे ही सरकारची मेहेरबानी नाही, व्यवहारातली अट आहे. जमीन ठेवायची आणि अट विसरायची, असं कसं चालेल?

आता हिशोब. तळ्यातून वर्षाला किती वॉलआय काढायचे याचा आकडा ठरतो आणि तो दोघांत वाटला जातो. 2015 मध्ये एकूण 40,000 पौंड होते. त्यात राज्याच्या गळवाल्यांचे 28,600 आणि ओजिब्वेंच्या आठ गटांचे मिळून 11,400. म्हणजे दर दहा पौंडांतले सातच्या वर आपल्या ऑफिसवाल्यांचे! तरी त्या वर्षी 3 ऑगस्टला राज्याला हंगाम बंद करावा लागला. बरं, जाळ्यातला मासा किनाऱ्यावर मोजला जातो, तोलला जातो. गळवाल्यांचा आकडा मात्र पाहणीवरून काढलेला अंदाज असतो.

"पण आम्ही तर पकडून सोडून देतो!" हे पुढचं ठरलेलं वाक्य. इथेच खरी गोम आहे. मे महिन्यात पाणी गार असतं. अंडी घालून झालेले मासे किनाऱ्याजवळच्या उथळ, खडकाळ भागात असतात. तेव्हा सोडलेला मासा बहुतेक वेळा जगतो. जून सरता सरता मासे तळ्याच्या मधल्या चिखलाच्या पठारांकडे जातात आणि पाणी तापतं. त्यात जळू लावलेला गळ माशाने घशापर्यंत गिळलेला असेल, तर तुम्ही कितीही प्रेमाने सोडा, तो मरण्याची शक्यता बरीच वाढते. फक्त तो तुमच्यासमोर मरत नाही, एवढंच. फोटो काढून झालेला असतो ना!

2017 चं उदाहरण घ्या. बर्फ वितळल्यानंतरच्या हंगामात एकही वॉलआय घरी न्यायची परवानगी नव्हती. 7 ते 27 जुलै तर वॉलआयची मासेमारीच बंद होती. तरीही राज्याचा 44,800 पौंडांचा कोटा ओलांडला गेला. त्यात बर्फावरच्या हंगामाचाही वाटा होता, मान्य. पण उन्हाळ्यात खात्यावर चढलेले नियमाप्रमाणे सगळे 'सोडून दिलेले' मासे होते. जाळ्यात मेला तर कत्तल आणि गळाने मेला तर निसर्गप्रेम? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

"ते ऐन अंडी घालायच्या वेळी जाळी लावतात," हाही एक मुद्दा असतो. ऐकायला पटतो. पण मिल लॅक्सचं दुखणं अंड्यांचं नाहीच. अभ्यासांत दिसलं ते असं की पिल्लं पुरेशी जन्माला येतात, पण दुसऱ्या शरदापर्यंत तग धरणारी कमी असतात. ऐंशीच्या दशकापासून पाणी नितळ होत गेलं. 2005 मध्ये झेब्रा शिंपले सापडले, 2009 मध्ये काटेरी पाणपिसू सापडली. पाणीही तापतंय. गढूळ, अंधाऱ्या पाण्यात शिकार करणाऱ्या माशाचं घरच बदललं. आणि हे शिंपले बोटींना चिकटून फिरतात, हे बोटवाल्यांनीच लक्षात ठेवलेलं बरं.

मासेमारी बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही. गेल्या काही वर्षांत नियम पुन्हा सैलावलेत, ते छानच. म्हणणं इतकंच आहे: मे महिन्यात हौस भागवा. पाणी तापलं की आपला वाटा मिळाल्यावर गळ गुंडाळा. केवळ मजेसाठी आणखी वीस मासे ओढून 'सोडले' म्हणू नका. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी कापा.

आणि हे जमत नसेल, तर निदान दुसऱ्याच्या जाळ्याकडे बोट दाखवू नका. त्यांचे मासे मोजलेले आहेत. तुमचे?