यकृताचा आजार आणि घरची माणसे

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर सातारा, सांगली, सोलापूर, बारामतीकडून येणाऱ्या गाड्यांतून अनेक जण केवळ दवाखान्याच्या कामासाठी उतरतात. हातात रिपोर्टांची पिशवी असते आणि सोबत घरातले कोणी तरी असते. त्यांच्यात यकृताच्या जुनाट आजाराचे रुग्णही असतात. हृदयविकार आणि कर्करोग यांच्याबद्दल आपल्याकडे आता बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलले जाते. यकृताबद्दलची चर्चा मात्र कावीळ आणि दारू यांच्यापुढे सहसा सरकत नाही.

यकृत, म्हणजे ज्याला घरोघरी आता लिव्हरच म्हणतात, हा शरीरातला सर्वांत मोठा अंतर्गत अवयव. प्रौढ माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास असते. आतड्यांनी शोषलेले अन्न घेऊन निघालेले रक्त आधी यकृतात जाते आणि मग उरलेल्या शरीराकडे. रक्तातील महत्त्वाची प्रथिने तयार करणे, साखर साठवून गरजेप्रमाणे सोडणे, विषारी द्रव्ये निकामी करणे ही कामे तिथे होतात. झीज भरून काढण्याची विलक्षण क्षमता असल्यामुळे यकृत बराच काळ तक्रार करत नाही. त्याच्या आजाराचा धोका या न बोलण्यातच आहे.

इजा वर्षानुवर्षे होत राहिली की निरोगी पेशींच्या जागी व्रणासारखे तंतू साचतात. यकृत कठीण आणि गाठाळ होते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. अशा यकृतातून रक्ताला वाट मिळत नाही, त्यामुळे मागच्या शिरांमधला दाब वाढतो. रक्त आडवाटेने अन्ननलिकेच्या नाजूक शिरांकडे वळते, त्या फुगतात आणि कधी कधी फुटतात. मग रक्ताची उलटी होते. पोटात पाणी साठते, त्याला जलोदर म्हणतात. आतड्यांत तयार होणारा अमोनियासारखा विषारी भाग न गाळताच मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस गोंधळतो. डॉक्टर याला एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, म्हणजे यकृत बिघडल्यामुळे मेंदूवर आलेली गुंगी.

हे सारे दारूमुळेच होते, हा समज इतका पक्का आहे की निदान कळताच नातेवाईक आधी रुग्णाकडे संशयाने पाहतात. दारू हे मोठे कारण आहे यात शंका नाही. पण ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची विषाणूजन्य कावीळ, मधुमेह व स्थूलपणाबरोबर येणारी यकृतातली चरबी, काही आनुवंशिक आजार आणि काही औषधे हीसुद्धा कारणे आहेत. पुण्याच्या वैद्यकीय इतिहासातच या समजाला चोख उत्तर आहे.

काही दशकांपूर्वी आपल्या देशात दीड-दोन वर्षांच्या मुलांना सिरोसिस होत असे आणि त्यातली बहुतेक दगावत. एकाच घरात दोन-तीन भावंडे गेल्याने हा शाप किंवा रक्तदोष मानला जाई. स्वारगेटपासून तीनेक किलोमीटरवर रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. तिथले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या आहाराचा माग काढला. मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अफाट होते. गाई-म्हशीचे दूध पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवायचे आणि तान्हेपणापासून बाळाला पाजायचे, हा या घरांचा रिवाज होता. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी तांबे मिसळलेले हे दूध संभाव्य कारण म्हणून मांडले. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही तांब्याच्या भांड्यातल्या दुधाशी जोडलेला असाच बालसिरोसिस नोंदला गेला आहे. दुधाचे भांडे स्टीलचे झाले आणि हा आजार दुर्मीळ झाला. कारण स्वयंपाकघरात सापडले आणि उपायही तिथेच झाला.

पुढे त्याच केईएममधून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. २००४ मध्ये याज्ञिक यांनी आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापून हे सांगितले. दोघांचा उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्या मधुमेही माणसाने यकृताची तपासणी का करून घ्यावी, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

विषाणूंच्या बाबतीत परिस्थिती बरीच आशादायक आहे. ‘ब’ कावीळ लसीने टळते. जन्मानंतर चोवीस तासांत बाळाला तिचा पहिला डोस द्यायचा असतो. ‘क’ कावीळ साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत पूर्ण बरी होते, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

सिरोसिस झालेल्या माणसाचे रोजचे जगणे मात्र रुग्णालयात नव्हे, घरात चालते. इथे जुन्या समजुती आड येतात. कावीळ म्हटली की तेल बंद, हळद बंद, डाळ जड म्हणून नको, नुसती पेज आणि मऊ भात. पूर्वी डॉक्टरही सिरोसिसमध्ये प्रथिने कमी करायला सांगत. आता सल्ला उलटा आहे. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी, दही, पनीर, अंडी यांच्याशिवाय ते भरून निघत नाही. या आजारात स्नायू झपाट्याने झिजतात आणि फुगलेल्या पोटामुळे ती झीज वजनकाट्यावर दिसतही नाही.

उपासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. यकृतात साखरेचा साठा उरत नसल्याने सिरोसिसच्या रुग्णाचे रात्रभर उपाशी राहणे हे निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतके पडते. म्हणून झोपण्यापूर्वी काही खायला सांगतात. एकादशी किंवा श्रावणी सोमवार सोडायला घरातले वडीलधारे सहजी तयार होत नाहीत, आणि ‘बरे वाटावे म्हणून’ नवा उपास धरणारेही कमी नाहीत. देवाला हा उपास नको असेल, असे सांगणे डॉक्टरपेक्षा घरातल्या सुनेला फार अवघड जाते.

पोटात पाणी झालेल्यांना मीठ कमी करावे लागते, दिवसाला सारे मिळून एक लहान चमचा. वरून मीठ घेतले नाही तरी लोणचे, पापड, ठेचा, फरसाण यांतून ते येतेच. अंगदुखीवर परस्पर घेतलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात आणि रक्तस्राव वाढवू शकतात. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेले सारे सुरक्षित असते असेही नाही. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, आधीच दुखावलेल्या यकृतावर विचारल्याशिवाय काढा नको, एवढे तरी मान्य व्हावे.

गुंगीची सुरुवात ओळखण्याचे काम तर सर्वस्वी घरच्यांचेच. माणूस रात्री जागतो आणि दिवसा झोपतो, सही बिघडते, रोजचा हिशेब चुकतो, विनाकारण चिडतो, पुढे केलेले हात पंखासारखे फडफडतात. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे ही त्याची नेहमीची निमित्ते. त्यावर लॅक्ट्युलोजचे गोड, पातळ औषध देतात आणि दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतका डोस ठेवायला सांगतात.

आता हाच रुग्ण तपासणीसाठी एसटीने पुण्याला निघाला आहे असे धरू. वाटेत शौचाला कुठे थांबायचे, या धास्तीने तो त्या दिवशी लॅक्ट्युलोज घेत नाही. लघवी वाढवणारी गोळीही टाळतो. पाणी पीत नाही, आणि रक्ततपासणी असल्याने उपाशीच निघतो. म्हणजे जी तपासणी त्याला सावरण्यासाठी आहे, तिच्यासाठीचा प्रवासच त्याला गुंगीकडे ढकलतो. बसस्थानकावरचे स्वच्छ, चालू स्थितीतले स्वच्छतागृह ही अशा माणसासाठी औषधोपचाराचीच बाब आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

दारूमुळे आजारी पडलेल्याच्या वाट्याला याखेरीज तिरस्कारही येतो. दारू थांबवल्याचा फायदा आजाराच्या जवळपास कोणत्याही टप्प्यावर होतो, पण ‘आता काय उपयोग’ हे वाक्य त्याला घरात आणि कधी वॉर्डातही ऐकावे लागते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभे केले. व्यसन हा आजार आहे आणि घरच्यांनाही आधार लागतो, ही तिथली भूमिका. यकृताच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागाचा अशा केंद्राशी थेट दुवा असायला हवा. बऱ्याच ठिकाणी केस पेपरवर ‘दारू बंद’ एवढेच लिहून काम संपते.

शेवटचा उपाय प्रत्यारोपणाचा. मेंदूमृत दात्याचे यकृत मिळाले तर विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत प्रतीक्षायादीनुसार दिले जाते. यकृत पुन्हा वाढते, म्हणून जिवंत नातेवाईकही त्याचा भाग देऊ शकतो. पण ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि दात्याचा धोका थोडा असला तरी शून्य नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात पतीला यकृताचा भाग देणारी पत्नी आणि तो पती, दोघांचाही काही दिवसांच्या अंतराने मृत्यू झाला आणि आरोग्य विभागाला चौकशी करावी लागली. देशात १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या सुमारे ३६,६०० अवयव प्रत्यारोपणांत अवयव मिळालेल्या स्त्रिया सात हजारांहूनही कमी होत्या. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियांचीच संख्या मोठी असते. घरात कोणी ‘दे’ म्हणत नाही, पण सगळे तिच्याकडेच पाहतात. दात्याशी एकांतात बोलणे, नकार दिल्यास त्याचे कारण कुटुंबाला न सांगणे, हे कागदोपत्री उरकण्याचे काम नव्हे.

बहुसंख्य रुग्ण प्रत्यारोपणापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांना वर्षानुवर्षे गोळ्या, चाचण्या आणि प्रवास यांवर राहायचे असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर मात्र दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. म्हणजे रक्ताची उलटी झाली की मदत, ती होऊ नये म्हणून घ्यायच्या रोजच्या गोळीचा खर्च खिशातून. आमच्या मते हा क्रम बदलला पाहिजे, आणि त्यासाठी नवे रुग्णालय बांधण्याची गरज नाही. यकृताचा कर्करोग लवकर कळावा म्हणून दर सहा महिन्यांनी करायची सोनोग्राफी, रक्तचाचण्या, पोटातले पाणी काढणे ही कामे मिरज, सोलापूर, बारामती आणि सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत होऊ शकतात. अहवाल फोनवरून पुण्याच्या तज्ज्ञाला पाठवता येतात. घरी जाताना हातात पडणाऱ्या इंग्रजी कार्डाबरोबर गुंगीची लक्षणे, मिठाचे माप आणि टाळायच्या गोळ्यांची नावे मराठीत छापलेला एक कागद देता येतो. मग स्वारगेटला उतरावे लागेल ते दुर्बिणीतून अन्ननलिका पाहण्यासाठी किंवा फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावून घेण्यासाठी, वर्षातून एखाद-दोन वेळा.