प्रवेशअर्जावरची सही

खेड्यातील ख्रिस्ती प्राथमिक शाळेचे उद्दिष्ट काय, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे उत्तर आधीच तयार असते. वसईकडे पाहिले की ते अपुरे वाटते. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यात चर्चच्या आश्रयाने मराठी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. तेथील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुबोध बायबल’चे अनुवादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रार्थना ख्रिस्ताची, भाषा मात्र ज्ञानोबा-तुकोबांची!

आणि ठाणे-डोंबिवली? येथील सुसंस्कृत म्हणविणारी घरे कॉन्व्हेंटच्या रांगेत उभी राहतात ती इंग्रजीसाठी. पुढे मुलाला धड मराठी वाचता आले नाही की दोष शाळेला!

संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार दिला आहे. त्याचबरोबर अनुच्छेद २८(३) अन्वये, शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसण्याची सक्ती करता येत नाही. (हे बंधन हिंदू संस्थांच्या शाळांवरही आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते.) म्हणजे किल्ली पालकाच्या हाती आहे. तो ती वापरतो का? प्रवेशाच्या दिवशी शुल्क विचारले जाते, बस विचारली जाते, गणवेशाचे दुकान विचारले जाते. परिपाठात काय म्हटले जाते, मूल्यशिक्षणाच्या तासाला काय शिकविले जाते, हे कोणी विचारत नाही. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत सक्तीची झालेली मराठी आठवड्यातून किती तास व कोण शिकविते, हेही नाही. अर्ज न वाचताच सही होते.