कासेगाव कुठं आहे?

पाऊस लांबला, ऊसदराचं आंदोलन ठरल्या वेळी पेटून ठरल्या वेळी विझलं, कागद पुन्हा महागला. वर्षाचा आढावा एवढाच. बाकीचं तुम्ही वाचलंच आहे.

आम्हाला वर्षभर सलत राहिलं ते वेगळंच. यंदा अंकासाठी बुद्धावरचे लेख ढिगानं आले आणि बहुतेकांचा साचा एकच: अमुक अमेरिकन कवी झेनकडे वळला, तमुक कादंबरीकार पहाटे ध्यानाला बसते, मन शांत, झोप गाढ. लिहिणारे सातारा-सांगलीचेच. लेखांत क्योटो आहे, कराडजवळची आगाशिवची बौद्ध लेणी नाहीत. आणि जात तर कुठंच नाही! ज्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा इंग्रजी शाळेत दाखल झाला, तिथली ही माणसं. तो दिवस आता सरकारी 'विद्यार्थी दिवस' आहे. दिवाळीच्या सुट्टीत बऱ्याचदा विरून जातो.

पाश्चात्त्यच हवे असतील तर संघरक्षित घ्या. मूळचे लंडनचे डेनिस लिंगवुड. महायुद्धात सैनिक म्हणून भारतात आले, भिक्खू झाले, कविता आणि आठवणी लिहिल्या. ६ डिसेंबर १९५६ ला ते नागपुरात होते. बाबासाहेब गेल्याची बातमी आली आणि सात-आठ आठवड्यांपूर्वीच दीक्षा घेतलेल्या, हबकलेल्या लोकांपुढं हा इंग्रज पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांतून बोलत राहिला. पुढं त्यांच्या वर्तनावर गंभीर आरोप झाले, तेही झाकायचं कारण नाही. पण त्या दिवसांत धम्म म्हणजे झोपेचं औषध नव्हतं, एवढं त्यांना नक्की कळलं असणार.

आणि गेल ऑम्वेट. जन्म मिनियापोलिसचा, बर्कलेला आपल्या सत्यशोधकांवर पीएच.डी., १९८३ ला भारतीय नागरिकत्व, ऑगस्ट २०२१ मध्ये निधन वाळवा तालुक्यातल्या कासेगावात. पती भारत पाटणकर यांच्यासोबत धरणग्रस्तांच्या, परित्यक्ता बायकांच्या लढ्यांत त्या उभ्या राहिल्या आणि त्यातूनच २००३ चं 'बुद्धिझम इन इंडिया' लिहिलं. त्यात बुद्ध जातीच्या विरोधात उभा आहे. आपल्याकडं मात्र त्यांची आठवण निघाली की 'किती छान मराठी बोलायच्या!' पुस्तकाचं नाव विचारलं की शांतता. अशी शांतता मिळवायला ध्यानही लागत नाही. कोल्हापूरला जाताना आपण महामार्गावरून कासेगाव ओलांडतो आणि पुढच्या ढाब्याची चौकशी करतो.

अंकाचा विषय 'पाहुणे' आहे. गेलबाईंना त्यात बसवणं चूक, हे आम्हालाही कळतं; पण विषय जानेवारीत ठरला आणि जाहिराती त्यावरच घेतल्या. झोपेचे लेख साभार परत पाठवलेत. रागावू नका. पुढच्या वर्षी आपल्याच गावच्या बौद्धवाड्यात बसून लिहिलेलं पाठवा, शब्दमर्यादा शिथिल करू.